तळमजल्याचे मेश्राम

मेश्रामसाहेब पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "जिना कोणत्या बाजूला आहे?"

मला वाटलं, गृहस्थ चुकून आमच्या दारात आले आणि आता परत जायचं म्हणतायत. मी म्हटलं, "जिना उजवीकडे. पण लिफ्ट चालू आहे की." यावर त्यांनी माझ्याकडे, परीक्षेत नापास होणार हे नक्की असलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. मग उजवीकडे गेले, जिन्याचं दार ढकलून पाहिलं, सोडून पाहिलं, पुन्हा ढकललं, आणि परत येऊन चपला काढत म्हणाले, "ठीक आहे. दार जिन्याच्या बाजूला उघडते. आता चहा घेऊ."

आतून अनघानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, हळूच विचारलं, "म्युनिसिपालिटीचे आहेत का हो?"

म्युनिसिपालिटीचे नव्हते. मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या आमच्या पाच मजली इमारतीत आम्ही चौथ्या मजल्यावर आणि हे सुधाकर मेश्राम तळमजल्यावर. गाव नागपूर. तिथंच फायर इंजिनिअरिंग शिकले, काही वर्षं अग्निशमन दलात काढली, आणि मग मस्कतला एका कंपनीत फायर अँड सेफ्टीचे इंजिनिअर म्हणून आले ते इथलेच झाले. लोकांचा धंदा संध्याकाळी ऑफिसात राहतो. मेश्रामांचा धंदा त्यांच्याबरोबर घरी येतो, जेवायला बसतो आणि पाहुणा म्हणून दुसऱ्यांच्या घरीही जातो.

हॉटेलात जेवायला गेलो की आम्ही मेन्यू उघडतो आणि मेश्राम गायब होतात. पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून बाहेर येतात, मागे घाबरलेला मॅनेजर. "मागच्या दारासमोर कांद्याची पोती ठेवून राहिले हे लोक," मेश्राम आम्हाला सांगतात, आणि ती पोती हलेपर्यंत ऑर्डर देत नाहीत. अल् खुवैरातल्या दोन-तीन हॉटेलांत त्यांची गाडी पार्किंगला लागली की आत आपोआप कांदे हलायला लागतात, असं ऐकून आहे.

मस्कतबाहेर माबेल्याला आमच्या एका मित्रानं व्हिला घेतला भाड्यानं. सगळे जण टाइल्स बघतायत, किचन बघतायत, आणि मेश्राम खिडकीच्या गजांना धरून उभे. "चोर आत येणार नाही. बरोबर आहे. पण भाऊ, तुम्ही बाहेर कसे जाल?" त्या मित्राची बायको त्या रात्री झोपली नाही. आठवड्याभरात एका खिडकीचे गज निघाले.

जयंतीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे व्यासपीठावर येऊन बसले होते, हारतुरे तयार होते, आणि मेश्रामांनी माइक हातात घेऊन सांगितलं की दुसऱ्या दारापुढच्या खुर्च्या उचलल्याशिवाय बुद्धवंदना सुरू होणार नाही. प्रमुख पाहुणे स्वतः उठून खुर्च्या उचलायला लागले. आमच्या घरच्या गणपतीचं तर विचारूच नका. आरतीला कुणाच्या हातात टाळ, कुणाच्या हातात झांजा, आणि मेश्रामांच्या हातात पाण्यानं भरलेली बादली. "तुम्ही म्हणा, तुम्ही म्हणा," म्हणून मानेनं ताल धरत होते. समईपासून पडदा लांब सरकवल्यावरच त्यांनी प्रसाद घेतला.

या सगळ्याच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं. "धूर वर जाते, माणूस खाली." हे ते बजावून सांगायचे, समजावून सांगायचे, कधी नुसतंच उसासा टाकून म्हणायचे. मला बढती मिळाली आणि माझी केबिन सहाव्या मजल्यावर गेली, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. मेश्रामांनी माझा हात हातात घेतला आणि दुखवट्याला आल्यासारखा थोपटला.

मस्कतमध्ये उंच इमारती बांधू देत नाहीत. या शहराचं सौंदर्य विचारलं तर कुणी डोंगर सांगेल, कुणी समुद्र सांगेल. मेश्राम हे सांगतात. दुबईहून त्यांना एकदा भली मोठी नोकरी आली होती, पगार जवळजवळ दुप्पट. राहायला कंपनीचा फ्लॅट, सदतिसाव्या मजल्यावर. मेश्रामांनी फोनवरच सांगितलं, "खलास. नाही जमणार." ही गोष्ट इमारतीत सगळ्यांना पाठ होती. भेकड माणूस म्हणून नव्हे, तर एक वल्ली म्हणून ती सांगितली जायची.

वंदनावहिनी मात्र या गृहस्थांच्या अगदी उलट. हसऱ्या, बोलघेवड्या, आणि पत्त्यांत कुणालाही न ऐकणाऱ्या. बायकांच्या भिशीत रमीचा डाव पडला की बाकीच्या जणी आधीच ठरवतात, दुसरा नंबर कुणाचा. मुलगी झाली तेव्हापासून वहिनींचे सांधे धरलेले. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. काठी घेऊन हळूहळू चालतात, सपाटीवर बऱ्या, पण पायरी म्हटली की चेहरा बदलतो. आमच्याकडे येतात त्या लिफ्टनं, आणि आल्या की आधी थेट आमच्या बाल्कनीत जाऊन उभ्या राहतात. चौथ्या मजल्यावरून दिसतं काय तर समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या आणि पलीकडे डोंगराची एक करडी रेघ. पण त्या बघत बसायच्या.

"तुमचं बरं आहे हो," एकदा त्या अनघाला म्हणाल्या. "माझ्या खिडकीतून सकाळी उठलं की कोणाच्या तरी गाडीचा बंपर दिसते. नागपूरला माहेर तळाला, सासर तळाला, इथं आले तर तेही तळाला. एकदा तरी वरून खाली बघावं वाटते. आयुष्यभर खालून वरच पाहिलं."

त्या हसतच बोलल्या. पण अनघाच्या मनात ते राहिलं, आणि रात्री तिनं मला सांगितलं तेव्हा माझ्याही.

आता ईदच्या सुट्टीकडे येतो. ओमानचं रेसिडेंट कार्ड खिशात असलं की जॉर्जियाला जायला व्हिसा लागत नाही. त्यामुळे ईदला अर्धं अल् खुवैर जॉर्जियात असतं. मुंबईत नाक्यावर भेटावेत तसे लोक तिथं एकमेकांना भेटतात. भिशीतल्या कुणीतरी वहिनींना बातुमीचा व्हिडिओ दाखवला. काळ्या समुद्राच्या काठावरचं शहर. लांबच लांब किनारा, त्याच्या कडेनं आकाशात घुसलेली हॉटेलं, आणि प्रत्येक हॉटेलाच्या पोटात एक कॅसिनो. संध्याकाळी सगळं गाव लग्नाच्या मांडवासारखं उजळतं.

वहिनींनी त्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "या वर्षी मला बातुमीला जायचं आहे. उंचावरच्या खोलीतून समुद्र बघायचा आहे. आणि कॅसिनो बघायचा आहे. खेळणार नाही. नुसता बघणार."

इतक्या वर्षांत या बाईंनी नवऱ्याकडे काही मागितल्याचं मेश्रामांनाही आठवेना. सुट्टी म्हटलं की नागपूर, हेच ठरलेलं. मेश्राम जायला तयार झाले, आम्हा दोघांनाही बरोबर चला म्हणाले, आणि त्या शुक्रवारी सकाळी लॅपटॉप घेऊन वर आमच्याकडे हजर झाले. "जिना पाहिला का?" मी विचारलं. "पाहिला," ते गंभीरपणे म्हणाले. "यल्ला, हॉटेल शोधू."

हॉटेल शोधणं म्हणजे काय असतं, हे मला त्या महिन्यात कळलं. आपण फोटोत पलंग बघतो, बाथरूम बघतो, नाश्त्याला काय मिळेल ते बघतो. मेश्राम कॉरिडॉरचा फोटो उघडून तो इतका मोठा करत की नुसते ठिपके दिसत. मग त्या ठिपक्यांकडे बोट दाखवून म्हणत, "कुंडी आहे. दारासमोर कुंडी ठेवून राहिले. खलास." एक अतिशय सुंदर, समुद्राला टेकलेलं हॉटेल त्या कुंडीपायी गेलं. दुसरं गेलं ते गालिच्यापायी. तिसऱ्यात म्हणे आरसे फार होते. "धुरात माणूस आरशालाच दार समजते, सामंतभाऊ." मी नाश्त्याचे फोटो दाखवून पाहिले. त्यातलं चीज भरलेल्या गरम पावाचं चित्र बघून मी एव्हाना मनानं जाऊन पोचलो होतो. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही.

कॅसिनोची माहिती वाचली तेव्हा तर ते अंतर्बाह्य हादरले. कॅसिनोत खिडक्या नसतात, घड्याळ नसतं, आणि वाटा मुद्दाम अशा वळवलेल्या असतात की आत गेलेल्याला बाहेरचं दार चटकन सापडू नये. मेश्राम उठून येरझाऱ्या घालायला लागले. "म्हणजे बांधणाऱ्याची इच्छाच ही की माणूस बाहेर पडू नये? असं कोणी बांधते का? याला परवानगी कोण देते?" जुगार वाईट असं पुष्कळ जण म्हणतात. नकाशा चुकला म्हणून जुगाराचा इतका संताप आलेला माणूस मी हा एकच पाहिला.

मग त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. एका मोठ्या हॉटेलात फोनवर नीनो नावाची मुलगी होती. आवाज गोड. तिनं विचारलं, समुद्राकडची खोली देऊ की डोंगराकडची?

"मॅडम," मेश्राम म्हणाले, "आय डोन्ट वॉन्ट सी व्ह्यू. आय वॉन्ट स्टेअरकेस व्ह्यू."

मग जिना किती रुंद, दिवे बॅटरीवर चालतात का, तळाचं दार रस्त्यावर उघडतं की कॅसिनोत, अशी सरबत्ती झाली. नीनोनं अगदी नम्रपणे विचारलं, "सर, तुम्ही सुट्टीसाठीच येताय ना?" दुसऱ्या शुक्रवारी फोन लावला तर तिनं आवाजावरून ओळखलं. तिसऱ्या शुक्रवारी ती स्वतः जिना उतरून फोटो काढून आली आणि व्हॉट्सॲपवर पाठवले. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसे मेश्राम ते इमारतीत सगळ्यांना दाखवत फिरले. "बघा काय कठडा आहे! दोन्ही बाजूला! फार चांगल्या संस्काराची मुलगी आहे." एवढं होऊनही त्या हॉटेलात खोली घ्यायची म्हटली की नाहीच. नीनोच्या हॉटेलात तळमजल्यावर आणि पहिल्या दोन मजल्यांवर कॅसिनो, त्याच्या वर ऑफिसं, खोल्या थेट बाराव्यापासून पुढे.

शेवटी एका शुक्रवारी ते विजयी चेहऱ्यानं आले. सापडलं होतं. बातुमीच्या बाहेर, अर्ध्या तासावर, एका खेडेगावात एक बैठं अतिथीगृह. खोलीला दोन दारं, एक अंगणात, एक बागेत. वंदनावहिनीही त्या दिवशी बरोबर वर आल्या होत्या. त्यांनी फोटो बघायला फोन हातात घेतला. खिडकीतून बाग दिसत होती, आणि बागेत एक गाय.

"समुद्र कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. गाडीनं जायचं. रोज नेतो तुला."

वहिनींनी गाय जरा वेळ बघितली. "गाय बघायला मी नागपूरहून मस्कतला आले, आता मस्कतहून जॉर्जियाला जाऊ?" आम्ही हसलो. त्या नाही हसल्या. फोन परत देऊन म्हणाल्या, "राहू द्या. नाही जात आपण. दर वर्षीसारखं नागपूरला जाऊ." आणि काठी घेऊन, लिफ्टचं बटण दाबून, खाली गेल्या. त्या दिवशी बाल्कनीतही गेल्या नाहीत.

त्यानंतरचे दिवस तळमजल्यावर फार वाईट गेले. वहिनी भांडल्या असत्या तर मेश्रामांना काहीतरी करता आलं असतं. त्या नुसत्या गप्प झाल्या. डबा वेळेवर, चहा वेळेवर, आणि बोलणं बंद. मेश्राम आमच्याकडे येऊन बसत आणि त्यांचा चहा गार होई. मला त्यांचा राग येत होता, खरं सांगतो. बायको एका खिडकीसाठी झुरतेय आणि हा माणूस कुंड्या मोजतोय. एकदा मी म्हटलंही, "अहो मेश्रामसाहेब, जगात लाखो लोक अठराव्या-विसाव्या मजल्यावर झोपतात आणि सकाळी उठून दात घासतात. तुमची भीती तुमच्यापाशी. वहिनींना का शिक्षा?" ते कपाकडे बघत राहिले.

आणि मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात मेश्राम. जिना न बघता थेट बोलले, "सामंतभाऊ, बुक केलं. नीनोचं हॉटेल. अठरावा मजला. तुमचीही खोली बाजूलाच."

मी त्यांना बसवलं. अनघानं पाणी आणलं. बरं वाटत नाही का, असं तिनं विचारलंसुद्धा. "समुद्राकडची?" मी म्हटलं. "समुद्राकडची," ते म्हणाले, आणि कपाळावरचा घाम पुसला.

बातमी इमारतीत पसरली. मेश्राम सुधारले, असंच सगळ्यांचं मत पडलं. वहिनी पुन्हा हसायला-बोलायला लागल्या. भिशीत त्यांनी तीन डाव सलग मारले आणि बातुमीला घालायला नवीन बूट आणले. मेश्राम मात्र बारीक व्हायला लागले. कंबर धरून चालायचे. जवळ बसले की बामचा वास यायचा. वहिनींनी अनघाजवळ वेगळीच तक्रार केली, "घरातलं तांदळाचं पोतं कधी दारात असते, कधी पॅसेजमध्ये. विचारलं तर म्हणतात, तांदळाला हवा लागू दे. असं कोणी ऐकलं का?"

जायच्या आधीच्या शुक्रवारची गोष्ट. पाचव्या मजल्यावर कुणाचं तरी सामान हलत होतं, लिफ्ट अडकलेली. मला पाव आणायचे होते म्हणून मी जिन्यानं निघालो. तिसऱ्या मजल्याच्या खाली कुणाचं तरी धापा टाकणं ऐकू आलं. वळलो तर मेश्राम. पाठीवर बासमतीचं भलं मोठं पोतं, चादरीनं बांधलेलं, चादरीची गाठ छातीवर. एक हात कठड्यावर. घामानं निथळतायत, आणि एकेक पायरी जपून खाली उतरतायत.

"अहो, हे काय?" मी ओरडलोच. "मला हाक मारायचीत. कुठं न्यायचंय पोतं?"

"कुठं नाही," ते म्हणाले, आणि भिंतीला टेकले. मग इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ही याच्यापेक्षा जड आहे. पण तिला सांगू नका. तिला वाटेल, वजनावर बोलून राहिलो."

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला.

"आपल्या जिन्याला मजले कमी आहेत," ते सांगायला लागले. "म्हणून खाली उतरायचं, पोतं लिफ्टनं वर न्यायचं, परत उतरायचं. आगीत वर कोण चढते? खाली उतरायचीच प्रॅक्टिस पाहिजे."

"मेश्रामसाहेब, आग लागणार नाहीये हो."

"नाही लागणार. मलाही माहीत आहे. पण लागली तर लिफ्ट बंद होते, सामंतभाऊ. तिला पायऱ्या उतरता येत नाहीत. मी जन्मभर लोकांना सांगून राहिलो, काही घेऊ नका, मागे बघू नका, खाली पळा. तिला कसं सांगू? आणि मी तिला ओळखतो ना. ती म्हणेल, मैत्रेयीला कोणीतरी पाहिजे, तुम्ही जा. म्हणेलच. आणि मी तर जाणार नाही." मैत्रेयी म्हणजे त्यांची मुलगी, पुण्यात नोकरी करते. त्यांनी छातीवरची गाठ सावरली. "लोकांना वाटते, मेश्राम उंचीला घाबरते. उंचीला काहून घाबरू? मी शिडीवर चढून माणसं उतरवलेली आहेत. तिचे पाय गेले तेव्हापासून तळमजला धरला. दुबईही त्याच्यासाठीच सोडली. तिला मात्र वाटू देऊ नका की तिच्यामुळे काही राहून गेलं."

या माणसाला आपण इतके दिवस हसत होतो, याचंच वाईट वाटत होतं. मी पोत्याला खालून आधार द्यायला हात लावला.

"हात लावू नका," मेश्राम म्हणाले. "हे मला एकट्यालाच जमलं पाहिजे."

आणि उतरायला लागले.

मी हे अनघाला सांगणार नव्हतो. पाव टेबलावर ठेवायच्या आत सांगून झालं. तिनं डोळे पुसले, कुणालाही सांगणार नाही म्हणून माझ्या गळ्याची शपथ घेतली. माझा गळा या कामी नेहमीच वापरला जातो, त्याला सवय आहे.

बातुमी सुंदरच निघालं. नीनो प्रत्यक्षात त्या आवाजाहून लहान दिसत होती. मेश्रामांना बघताच तिनं आधी जिन्याकडे हात दाखवला आणि मग खोलीची किल्ली दिली. अठराव्या मजल्यावर वंदनावहिनींनी पडदा सरकवला आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या त्या जेवायलाही उठेनात. खाली समुद्र, किनाऱ्यानं चालणारी मुंगीएवढी माणसं, झाडांचे शेंडे. "अहो, झाडाचा वरचा भाग पाहिला का तुम्ही कधी?" त्या नवऱ्याला विचारत होत्या. मेश्राम कॉरिडॉरमध्ये होते. खोलीपासून जिन्यापर्यंत डोळे मिटून, भिंतीला हात लावत चालून बघत होते.

कॅसिनोही बघून झाला. पासपोर्ट दाखवून आत गेलो. दिवे, गालिचे, गोल टेबलं, आणि टेबलाभोवती तोंडं पाडून बसलेले लोक. वहिनींनी पत्त्यांच्या एका टेबलामागे उभं राहून पाच-सहा डाव नीट पाहिले, फुकटचा चहा घेतला आणि म्हणाल्या, "एवढंच? कोणी हसत नाही, कोणी भांडत नाही. आमची भिशी बरी." मेश्राम दारात पहारेकऱ्याशी बोलत होते. बाजूच्या दाराची साखळी काढून ठेवा, असं ते त्याला नागपुरी इंग्रजीत पटवत होते. आम्ही निघालो तेव्हा साखळी निघालेली होती.

चार दिवस असे गेले. आग लागली नाही, अलार्म वाजला नाही, साधा टोस्टसुद्धा कुणाचा करपला नाही. परतीच्या सकाळी सामान खाली पाठवलं, आम्ही चौघं कॉरिडॉरमध्ये आलो. मी लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं, अनघा आत गेली. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"मी लिफ्टनं येणार नाही," त्या म्हणाल्या.

"काहून?" मेश्राम घाबरले. "काय झालं?"

वहिनींनी काठी माझ्या हातात दिली, पर्स माझ्या हातात दिली, आणि नवऱ्याकडे वळल्या. "इतके दिवस तांदळाला पाठीवर घेऊन फिरले. मी काय तांदळाहून परकी आहे का?"

मेश्रामांनी माझ्याकडे बघितलं. मी अनघाकडे बघितलं. अनघानं लिफ्टचं दार बंद केलं आणि ती खाली निघून गेली.

"वंदना, अग..." मेश्राम एकदा वहिनींकडे, एकदा जिन्याच्या दाराकडे बघायला लागले.

"दुबई कशासाठी सोडली, तेही कळलं मला," वहिनी म्हणाल्या. "वाका."

आणि मेश्राम वाकले. जिन्याचं दार मी धरून ठेवलं. पुढे मेश्राम, त्यांच्या पाठीवर गळ्यात हात घालून वहिनी, आणि मागून काठी आणि लेडीज पर्स घेऊन मी, अशी आमची वरात निघाली. सतरा, सोळा, पंधरा. वहिनी सुरुवातीला घाबरून गप्प होत्या, मग त्यांना हसू फुटलं, ते थांबेचना. "हलू नको, हलू नको," मेश्राम ओरडत होते, पण उतरत होते. एक पाय, दुसरा पाय, कठड्यावर पकड. तांदळाबरोबर केलेलं कुठंही वाया गेलं नव्हतं. चौदाव्यावर मी म्हटलं, थांबा. ते थांबले नाहीत. बाराव्याच्या खाली त्यांचे पाय थरथरायला लागले, तसा वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात मारला.

"बस. उतरवा मला."

"जमते. सगळे मजले जमतात. मी खालपर्यंत..."

"जमते हे मला दिसून राहिलं ना. पटलं. आता उतरवा."

मेश्रामांनी त्यांना जपून पायरीवर बसवलं. चेहरा लाल, शर्ट ओलाचिंब. मला वहिनी म्हणाल्या, "सामंतभाऊ, पर्स ठेवा इथं. तुम्ही खाली जाऊन अनघाला घेऊन चहा प्या. त्या नीनोला सांगा, काळजी करू नको."

मी निघालो. खालच्या वळणावर पोचलो तेव्हा वरून मेश्रामांचा आवाज आला, "वंदना, विमानाला उशीर होईल. चल, धर मला."

"बसा हो जरा माझ्याजवळ," वहिनी म्हणाल्या. "आग थोडीच लागली आहे."

मी मान वर करून बघितलं. त्या पर्समधून रुमाल काढून त्यांची मान पुसत होत्या. आणि मेश्रामसाहेब बसले होते.